धडा

सिलिफ्केच्या बाजारात, घड्याळवाल्याच्या मागच्या बोळात
बाबांचं दुकान होतं, दीड माणूस मावेल एवढं.
त्यातलं अर्धं माणूस मी.

तराजूला आमच्याकडे तेराझी म्हणतात.
शब्द इराणातून आला, बाबा सांगायचे
पारडं पुसत, जणू तो कालच्याच बसने उतरलाय
आणि अजून त्याचा चहा व्हायचाय.
बेकीर गवंडी एकदा त्याची पाणसळ घेऊन आला,
काचेच्या नळीत बुडबुडा अडकलेली.
आई म्हणाली, हे तुमचं काम नाही.
'तिला म्हणतात काय?' बाबांनी विचारलं.
सू तेराझिसी. पाण्याचा तराजू.
'मग? नावात तराजू आहे ना?'
दोन दिवस झटले, पैसे घेतले नाहीत,
कारण बुडबुडा शेवटी डावीकडेच राहिला.
गावात अजून एक भिंत आहे तशी.

कान्तार मात्र ते दोन्ही हातांनी उचलत:
लांब लोखंडी दांडी, सरकता गोळा,
कापसाच्या गाठी तोलायचा.
या शब्दाच्या पोटात शंभर आहे, म्हणायचे.
रोमनांनी शंभर मोजले, ग्रीकांनी उच्चार बिघडवला,
अरबांनी त्याला उंटावर घातला,
आमच्यापर्यंत पोचेस्तोवर शंभर कुणाला आठवेना,
आकडा तेवढा उरला, गाठ टांगायचा.
कुणी ताळ सोडून बोललं की आमच्यात म्हणतात
याच्या कान्तारचा गोळा सटकला.
आई हे बाबांनाच म्हणायची,
महिन्यातून दोनदा तरी.

टेकडीवर एक झाड होतं. त्याची शेंग काळी, वाकडी,
आम्ही तिला बकरीचं शिंग म्हणतो.
ग्रीकही शिंगच म्हणत, इवलं शिंग, केरातिओन.
त्यातल्या बीचा झाला किरात, किरातचा कॅरट,
आणि कॅरट जाऊन बसला काचेमागे, मखमलीवर,
आपलं झाड विसरून.
सगळ्या बिया एकाच वजनाच्या, सोनार शपथेवर सांगत.
मी नऊ वर्षांची होते, त्या हिवाळ्यात एका रात्री
आम्ही दोनशे बिया नाजूक काट्यावर ठेवून पाहिल्या.
एकीचं दुसरीशी पटेना.
पहाटे बाबा हसले. 'निगार, माणसाला
काहीतरी सारखं हवं होतं. त्याने बीवर ढकललं.'
बिया मी कोंबड्यांना टाकल्या.
त्यांनी तोंड लावलं नाही.

या मार्चमध्ये बाबा गेले.
हुर्शित भंगारवाला आला पितळेचा भाव घेऊन.
पारडी, साखळ्या, वजनं, वर तो कान्तार,
सगळं त्याने प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये भरलं
आणि क्रेट इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढवला.
मला हसू आलं. मग थांबलं.
'क्रेटचं वजन?' मी विचारलं.
तो ओशाळला. सगळं बाहेर काढलं, क्रेट रिकामा ठेवला,
बटण दाबलं. बटणावर लिहिलं होतं: दारा.

दारा, म्हणजे धडा. रिकाम्या भांड्याचं वजन,
हिशोबातून काढायचं ते.
अरबीत मुळात, टाकून दिलेलं.
हा शब्द बाबांनी मला सगळ्यात शेवटी शिकवला,
इस्पितळात, नर्स त्यांना
चाकांच्या खुर्चीसकट तोलत होती तेव्हा.
'आधी खुर्ची वजा कर,' तिला म्हणाले,
'मग मला. बघू काय उरतंय.'
नर्सने एकोणपन्नास लिहिलं.

काट्यावर हिरवी शून्यं आली.
हुर्शित पितळ परत भरायला वाकला.
'गोळा राहू दे,' मी म्हटलं.
'गोळ्याशिवाय कान्तार कसला?'
'भंगारच आहे ना? तुला काय त्याचं.'
त्याच्या ओठांवर ती म्हण आलेली मला दिसली.
त्याने ती गिळली, सभ्य माणूस.

घरी येईपर्यंत माझा कोट
एका बाजूला लोंबत होता.